चार दिवस, तीन शहरं आणि एकच केबिन बॅग

परवा रात्री ऑफिसच्या टूरवरून परत आले. चार दिवस, तीन शहरं, पाच मीटिंग, चार विमानं, आणि सोबत सामान काय तर एक केबिन बॅग आणि लॅपटॉपची सॅक. बेल्टपाशी ताटकळायचं नाही, ट्रॉली शोधायची नाही, उतरलं की सरळ बाहेर. हे जमायला मला काही वर्षं लागली आणि सुरुवात फार वाईट झाली होती, ती आधी सांगते.

पहिल्या टूरला दोन दिवसांसाठी मी मोठी बॅग चेक-इन केली होती. मधे विमान बदलायचं होतं, हातात जेमतेम पन्नास मिनिटं, मी धावतपळत पोचले पण बॅग काही पोचली नाही. बेल्टवर शेवटी कोणाचीतरी एक निळी बॅग तीन-चारदा फिरून गेली आणि मग बेल्टच थांबला, तो आवाज बंद होतो ना तेव्हा पोटात गोळा येतो अक्षरशः. काउंटरवर पीआयआर भरून घेतात, म्हणजे बॅग आली नाही याची लेखी नोंद, आणि त्यासाठी बोर्डिंग पासवर चिकटवलेला तो बॅगेचा स्टिकर लागतो, तो बरेच जण चुरगळून टाकून देतात. प्लीज टाकू नका. आणि ही नोंद झाल्याशिवाय एअरपोर्टच्या बाहेरही पडू नका. इंटरनॅशनल फ्लाइट असेल तर मॉन्ट्रियल कराराप्रमाणे 21 दिवसांत बॅग नाही आली की ती हरवली असं धरून भरपाई मागता येते, पण माझी मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होती. फॉर्मल कपडे बॅगेत, लॅपटॉपचा चार्जर बॅगेत, प्रेझेंटेशनच्या प्रिंट बॅगेत. जीन्स आणि स्पोर्ट्स शूजवर मी त्या खोलीत गेले, कोणी काही बोललं नाही, पण दीड तास माझं निम्मं लक्ष लॅपटॉपच्या बॅटरीकडे होतं आणि महिनाभर तयारी केलेलं काम मी धड मांडू शकले नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा सोबतच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अगं, पहिल्या मीटिंगला जे जे लागतं ते कधीच हातातून सोडायचं नाही, बाकी सगळं मागनं येऊ दे." तेव्हापासून माझं सगळं पॅकिंग या एका वाक्यावर चालतं.

म्हणून मी आधी कपाट उघडतच नाही, कॅलेंडर उघडते. कुठल्या दिवशी कोणाला भेटायचंय, ती माणसं दुसऱ्यांदा भेटणारेत का, रात्री कुठे मुक्काम आहे. या टूरला तिन्ही शहरांत माणसं वेगळी, मग रोज नवा ब्लेझर कशाला हवा? एक ब्लेझर अंगावरच, दोन काळ्या पँट, चार शर्ट, सगळ्यांचे रंग असे की कुठलाही कशावरही चालतो. जड बूट पायात घालायचे, बॅगेत फक्त पातळ चपला. बऱ्याच एअरलाइन्स केबिन बॅगेला 7 किलोच देतात आणि माझी रिकामी बॅगच 2 किलोच्या वर आहे, म्हणजे सामानाला उरले पाचेक किलो, त्यामुळे बॅग घेताना ती दिसते कशी यापेक्षा तिचं वजन किती हे बघा असं मी सगळ्यांना सांगते. शर्ट मी गुंडाळत नाही, एकावर एक पसरून मधे मऊ कपडे ठेवून बाह्या त्यावर दुमडते, चुण्या खूप कमी पडतात, तरी पडल्याच तर रात्री गरम पाण्याचा शॉवर सोडून शर्ट बाथरूममध्ये टांगून ठेवायचा.

लिक्विडचा नियम बहुतेकांना माहीत असतो, प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, 2006 पासून चालू आहे हे. पण त्यात बाटलीवर छापलेला आकडा बघतात, आत किती उरलंय ते नाही, 200 मिलीच्या बाटलीत तळाला थोडंसं असलं तरी ती काढून घेतात. काही एअरपोर्टवर नवीन स्कॅनर आल्यामुळे नियम सैल झालेत, पण परतीच्या एअरपोर्टवर ते असतीलच असं नाही, सो मी जुनाच नियम धरून चालते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, विमानात आतला दाब साधारण 6000 ते 8000 फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा कमी होतो, त्यामुळे अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पू झाकणातून बाहेर ढकलते. म्हणून बाटली थोडी दाबून, हवा काढून, दाबलेली असतानाच झाकण लावायचं. माझा एक पांढरा शर्ट असाच गेला, त्यानंतर आजपर्यंत एक थेंब सांडला नाहीये.

आता या टूरचा किस्सा. तिसरं विमान छोटं होतं, पंख्यांचं, आणि उतरून दीड तासात मीटिंग. विमानाच्या दाराशी सांगितलं की वरच्या कप्प्यात जागा नाही, केबिन बॅग खाली द्या. मागे रांग, पुढे रांग, लोक तिथेच बॅग उघडून गुडघ्यावर बसलेले. माझ्या बॅगेत वरच्या कप्प्यात एक राखाडी पाऊच असतो, त्यात पॉवर बँक, चार्जर, गोळ्या, पासपोर्ट, प्रेझेंटेशनचा पेन ड्राइव्ह, आणि त्याला चिकटून एक गुंडाळलेला टॉप. चेन ओढली, दोन्ही उचलून सॅकमध्ये टाकलं, बॅग दिली, पुढे गेले. पॉवर बँक तर काढावीच लागते, सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटात चालत नाही कारण तिथे पेटली तर विझवायला कोणी पोचू शकत नाही. केबिनमध्ये 100 वॉट-अवरपर्यंत चालते, 20000 एमएएचची असेल तर गुणिले 3.7 (आतल्या बॅटरीचे व्होल्ट) भागिले 1000, म्हणजे 74 वॉट-अवर, आरामात बसते, फक्त तिच्यावरचा आकडा पुसला गेलेला नसावा, वाचता आला नाही तर ठेवून घेतात.

बॅग वीस मिनिटं उशिरा आली. पण त्या वीस मिनिटांत मी एका खुर्चीवर बसून शांतपणे स्लाइड्स वाचत होते, छातीत धडधड नव्हती. मीटिंग मस्त झाली.

घरी आल्यावर झोपायच्या आधी दोन कामं करते, पाऊच चार्ज करून पुन्हा बॅगेत, आणि जे वापरलंच नाही ते यादीतून खोडायचं. या वेळी चौथा शर्ट घडी न मोडता परत आला. खोडला.