पोपट निळा झाला त्याची गोष्ट

दोन महिने नुसता धूळ खात पडलेला प्रिंटर आज सकाळी लेकीच्या प्रोजेक्टसाठी चालू केला. चित्रातला पोपट चक्क निळा आला! म्हणजे पिवळी शाई गायब. टाकी तर अर्धी भरलेली.

नोझल चेक (शाईची छिद्रं नीट चालतात का ते दाखवणारं चाचणीचं पान) काढला, तर पिवळ्या रेषा जागोजागी तुटलेल्या. ती छिद्रं केसापेक्षा बारीक, वापर नसला की शाई तिथेच वाळून बसते. हेड क्लीनिंग (शाई ढकलून ती छिद्रं साफ करायची प्रिंटरमधली सोय) एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा हात आवरला, कारण दर वेळी चांगली शाई आतल्या स्पंजात जाऊन मुरते (आणि शाईचे भाव माहीत आहेतच). बंद करून तसाच ठेवला.

तोवर कागद ओढणारा रबरी रोलर पुसायला घेतला. चष्म्याचं फडकं, किंचित ओलं. बोटाने रोलर फिरवत गेले तसा फडक्यावर राखाडी पट्टा उमटत गेला. कागदाची भुकटी! म्हणून कागद अडकायचे होय, आणि मी उगाच कागदवाल्याला नावं ठेवत होते.

संध्याकाळी पुन्हा नोझल चेक. सगळ्या रेषा सलग, पोपट हिरवागार. नाचवत लेकीला दाखवायला गेले.

"आई, मी दुपारीच झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलं."