विजेचा खांब कसा विणावा

टॅपेस्ट्रीत, म्हणजे मागावर विणलेल्या चित्रात, सोनमोहोर विणणं सोपं आणि विजेचा खांब विणणं महाकठीण. आमच्या गॅलरीतून दोन्ही दिसतात, म्हणून दोन्ही चित्रात घेतले. सोनमोहोर भराभर वर चढला. खांबाने रडवलं.

माझा माग म्हणजे सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट, वर-खाली अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खिळे. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती, इतका ताठ की बोटाने छेडला तर वाजावा. बाणा, म्हणजे आडवा धागा, लोकरीचा. हा बाणा ताण्याला पूर्ण झाकून टाकतो, आणि साध्या कापडासारखा या काठापासून त्या काठापर्यंत जातही नाही. प्रत्येक रंग आपल्या वाट्याच्या जागेतच ये-जा करतो. भरतकामात आधी कापड असतं, मग चित्र. इथे दोन्ही एकदमच वाढतं, तेही खालून वर. (फ्रान्समधली ती प्रसिद्ध बायो टॅपेस्ट्री खरं तर लोकरीचं भरतकाम आहे. नावावर जाऊ नये.)

पहिली सवय लावायची ती हाताला. बाणा सरळ ओढून घ्यायचा नाही, कमान करून सैल सोडायचा आणि मग काट्याने थोडा थोडा दाबत खाली बसवायचा. मी जेवणाच्या टेबलावरचाच काटा वापरते. धागा प्रत्येक ताण्याच्या खालून-वरून वळत जातो, त्यामुळे त्याला कापडाच्या रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर तो कडेचे ताणे आत खेचतो आणि कापड मधेच निमुळतं होतं. डोळ्यांना हे फार उशिरा कळतं, म्हणून फूटपट्टी हाताशी ठेवते.

आता खांब. करडा रंग खांबाच्या कडेला येऊन मागे फिरतो, आकाशाचा निळा पलीकडच्या ताण्यावरून मागे फिरतो. दोघांची गाठभेट होतच नाही, मधे फट राहते. रेघ तिरकी असेल तर फट एक-दोन फेऱ्यांत शेजारच्या ताण्यावर सरकते, जाणवतसुद्धा नाही. सोनमोहोर सगळा असाच निभावला. उभ्या रेघेत मात्र फट त्याच जागी वाढत जाते आणि खांबाशेजारी बोट आरपार जाईल असं भोक पडतं. किलीम, म्हणजे सपाट विणीचे गालिचे, विणणारे अशी फट खुशाल ठेवतात, पण त्यांची नक्षीच पायऱ्यापायऱ्यांची असते. दोन्ही रंग एकाच ताण्यावरून फिरवले तर फट मिटते, पण कड करवती होते. तिसरा उपाय म्हणजे दोन ताण्यांच्या मधे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे.

मी हे करत असताना आई मागे उभी होती. म्हणाली, "अगं, माझा पदर उलटा करून बघ की."

तिची पैठणी येवल्याची, हातमागावरची. पदर उलटा करून भिंग लावलं. जरीची जमीन आणि मोराचं हिरवं रेशीम जिथे भिडतात तिथे अगदी हेच: एकमेकांत अडकायचं आणि आपापल्या वाटेने परत. मागे एकही धागा लोंबत नाही, मोर दोन्ही बाजूंनी सारखा. मशीनवरच्या पैठणीत पाठीमागे धागे मोकळे सुटलेले दिसतात. खरेदीच्या वेळी बायका पदर उलटून बघतात तो याचसाठी. फ्रान्समध्ये आँजे इथे चौदाव्या शतकातली अपोकॅलिप्स टॅपेस्ट्री आहे, तिचीही मागची बाजू पुढच्याइतकीच सफाईदार आहे. पण येवल्यातलं रेशीम इतकं बारीक की अडकवलेली जागा भिंगाशिवाय सापडत नाही. माझ्या लोकरीत तिथे चांगला जाड उंचवटा येतो. खांबाला दोन्ही बाजूंनी शिवण घातल्यासारखं दिसलं.

मग जुन्या युरोपातल्या विणकरांची युक्ती वापरली. ते चित्र नव्वद अंशांत फिरवून, आडवं विणत, आणि भिंतीवर टांगताना सरळ करत. चित्रातल्या उभ्या रेघा मागावर आडव्या होतात, आणि आडवी रेघ म्हणजे नुसते बाण्याचे फेरे. नवा ताणा लावला, नमुन्याचं चित्र फिरवून ताण्यामागे चिकटवलं. खांब एका बैठकीत झाला, कड सुरीने कापल्यासारखी. सोनमोहोराला काहीच फरक पडला नाही, तिरकं ते कसंही फिरवलं तरी तिरकंच.

पण आधी आडव्या असलेल्या तारा आता उभ्या झाल्या! पूर्वी त्या दोन फेऱ्यांचं काम होतं. (एका फेऱ्यात रेघ येत नाही, नुसते ठिपके येतात, कारण एक फेरा एकाआड एक ताणाच झाकतो.) आता प्रत्येक तार म्हणजे एका ताण्यावर वरपासून खालपर्यंत गुंडाळलेला काळा धागा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट. अशा चार तारा. आई म्हणते, नंतर सुईने भरून टाक, कोण बघतंय. ते मला पटत नाही. भरायचंच होतं तर माग कशाला केला?

तेव्हा चित्रापुरती वीज भूमिगत केली आहे. मग खांब कशाला ठेवलास, असं आई रोज विचारते. त्याच्यावर कावळा बसवायचा आहे.