तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन आलं की जुनी माणसं का भांडतात?

कापसाचा सीझन सुरू झाला की कोणी ना कोणी मला हे विचारतंच, इतकी वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काढलीत, मग सांगा ना, नवीन मशीन आलं की जुने लोक एवढे का भडकतात, शिकायचंच नसतं का त्यांना? मागच्या आठवड्यात एका नव्या मॅनेजरनं परत विचारलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

आमच्या वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये एक ग्रेडर काका होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. गाडी आली की मूठभर कापूस आवळून सोडायचे, लगेच फुलला तर कोरडा, दबून राहिला तर ओला. सरकी दाताखाली फोडून बघायचे. मग चिमटीत रुई धरून हळूहळू ओढत तंतू सरळ करायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. लग्नाकार्यात गेले तरी लोक त्यांना ग्रेडर म्हणूनच खुर्ची द्यायचे.

मग ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर आलं आणि ते दिलं एका बावीस वर्षांच्या पोराच्या हातात. मी काकांना म्हणालो, चला, तुमचा त्रास वाचला. ते म्हणाले, "मंग मी इथं कायले येऊ?" मला तेव्हा तो रुसवा वाटला, तो खरा प्रश्न होता हे फार उशिरा कळलं, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुढे रोज गाडीगाडीवर भांडण. पंधरा दिवसांत चहाच्या टपरीवर दोन घोळके, जुने एकीकडे अन् मीटरवाले एकीकडे. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी पोरांचे नुसते नावापुरते गट पाडले होते, आणि आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळावं, अशी वाटणी पोरं करायला लागली. आमच्याकडे तर गट नुसते नावापुरते नव्हते, एका बाजूला माणसाची अख्खी हयात होती.

पण त्या मीटरवाल्या पोराचंही ऐका. त्याचा बाप शेतकरी, माझाही. बोटानं "ओला" म्हटलं की बापाला तोंड उघडायची सोय नसायची. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलाव्याच्या दर टक्क्याला भाव कापतात आणि 12 च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये, म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे 81 रुपये गेले. तो आकडा शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, ही त्या पोरासाठी इज्जतीची गोष्ट होती. म्हणजे भांडत दोघंही इज्जतीसाठीच होते.

एक दिवस एका पिकअपमध्ये वरून मीटरनं 9 दाखवलं. काकांनी कोपरापर्यंत हात घातला, तळातला कापूस काढला, म्हणाले, "आता लाव." 14 आलं. खालचा माल सकाळच्या दहिवरात वेचलेला होता. त्या दिवसापासून नमुना कुठून काढायचा ते काका ठरवायचे, पोरगा मीटर लावून आकडा शेतकऱ्याला मोठ्यानं सांगायचा, आणि रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. भांडणं बरीच कमी झाली. काकांनी मीटर मात्र शेवटपर्यंत हातात धरलं नाही, आणि आम्हीही कधी धरा म्हटलं नाही.

आता एक सांगून ठेवतो, कारण हे ऐकलं की मॅनेजर लोक प्रत्येक भांडणाला मानपानाचं भांडण म्हणायला लागतात. त्याच जिनिंगमध्ये कापूस ओढायचे पाइप बसले तेव्हा हमालही काम थांबवून बसून राहिले होते. त्यांना समजवायला चहा पाजला, भाषण दिलं, तुम्ही आमच्या घरचेच आहात म्हटलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी एकानं विचारलं, गाडीमागं मजुरी किती राहील ते सांगा, आणि ते सांगायला आमच्यातून कोणी आलंच नव्हतं.