कुलाबा : भरतीला बेट, ओहोटीला जमीन

बेटावरच्या गोष्टी का रंगतात, ते मला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उमगलं. मनात येईल तेव्हा निघता येत नाही आणि लागेल ते तिथेच शोधावं लागतं. एवढ्या दोन अटींवर कुठलीही गोष्ट उभी राहते. कुलाब्यात या दोन्ही अटी अजून लागू आहेत.

म्हणूनच घोडागाडीतून जाऊन लगेच परतणाऱ्यांबद्दल मला हळहळ वाटते. चालत जा. ओहोटीची वेळ ठरवायचा कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सव्वाआठला. अर्धा तास मागेपुढे धराच. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया सर्वांत चांगली. उधाणाचं पाणी लांबवर ओसरतं आणि सकाळचं ऊन सोसवतं. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, ओहोटी भर दुपारी येते, पाणीही पुरतं हटत नाही. पावसाळ्यात मात्र हा हिशोब पंचांगातच राहू द्या.

ओहोटीच्या तासभर आधी निघा, ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. फसगत होते ती इथे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात तिप्पट. पहिला तास बघून निर्धास्त झालेले लोक तिसऱ्या तासात अडकतात.

आत गेल्यावर तटाला हात लावून बघा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा मार तिथेच ओसरतो. शिवाजी महाराजांनी 1680 साली सुरू केलेलं हे काम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले, तरी तो पडला नाही.

गणपतीचं दर्शन, चाकांच्या गाड्यावरच्या तोफांपाशी फोटो, की मंडळी निघाली! गोड्या पाण्याची विहीर बघायला कुणी थांबत नाही, याचा मला खरोखर राग येतो. चहूकडे खारं पाणी असताना ती नसती, तर एवढा तट राखायला माणसं राहिली कशी असती?