चिठ्ठीत न लिहिलेला शब्द

सकाळी सातला फोन आला. "डॉक्टर, एक मेंढी रात्रीत गेली आणि दुसरी लाल मुततेय. लवकर या." अठरा मेंढ्यांचा कळप, त्यात दोन नर, आणि शेजारच्या गोठ्यात दोन गायी. माणूस जनावरांना जीव लावणारा. वाटेत माझ्या डोक्यात गोचीडतापच होता. लाल लघवी म्हटलं की आधी तोच आठवतो.

आजारी मेंढी कोपऱ्यात मान टाकून उभी होती. खालची पापणी ओढली तर आतून हळदीसारखी पिवळी. ताप नाही. दोनच दिवसांपूर्वी सगळ्यांची लोकर कातरलेली, त्यामुळे अंग नीट दिसत होतं, आणि शोधूनही गोचीड सापडेना. लघवी लालपेक्षा काळपट तपकिरी.

मेलेली मेंढी उघडली. चरबी पिवळी, यकृत पिवळट आणि ठिसूळ. मग मूत्रपिंडं बाहेर काढली आणि माझा हात थांबला. निळसर काळी, बंदुकीच्या नळीसारखी. शिकत असताना एकदाच पाहिलेला हा रंग मी विसरलो नव्हतो. तांब्याची विषबाधा.

"खायला काय घालता?"

"वैरण, थोडा भरडा, आणि खनिज मिश्रण. तुम्हीच सांगितलं होतं ना? दहा आठवडे झाले, एक दिवस चुकवला नाही."

त्यानं गोणी आणून दाखवली. गायी-म्हशींचं मिश्रण होतं. लेबलवर तांबं किलोमागे ४२०० मिलिग्रॅम. दर मेंढीला तो रोज २० ग्रॅम मोजून देत होता. मी तिथेच हिशेब मांडला: २० ग्रॅममध्ये ८४ मिलिग्रॅम तांबं. त्याची मेंढी दिवसाला साधारण सव्वा किलो कोरडा चारा खाते. तेवढ्या चाऱ्यात तिला ६ ते १२ मिलिग्रॅम तांबं पुरतं, आणि किलोभर कोरड्या चाऱ्यामागे १५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे तिच्यासाठी दिवसाला साधारण १९ मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका सुरू होतो. वैरणीतलं तांबं धरलंच नाही तरी ती मर्यादा चौपटीनं ओलांडली जात होती. त्याच गोणीतलं मिश्रण खाऊन दोन्ही गायी ठणठणीत होत्या. जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं मेंढीला फारसं जमत नाही; ते यकृतात साठत राहतं. आठवडेच्या आठवडे वरून काहीच दिसत नाही, मेंढी खाते, रवंथ करते. मग कातरणी, प्रवास, उपासमार असा एखादा ताण पडतो, साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. लघवीचा तो रंग त्यांचाच.

गव्हाणीजवळच्या खिळ्याला माझी चिठ्ठी अजून टोचलेली होती. 'खनिज मिश्रण सुरू करा.' अक्षर माझं. कोणत्या जनावराचं, ते मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा त्याच्या मेंढ्या लोकर आणि माती चघळत होत्या, मला घाई होती, आणि मेंढीसाठी वेगळं मिश्रण लागतं हे सांगायचं राहून गेलं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो काही बोलला नाही. त्या गप्प राहण्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

दुसरी मेंढी संध्याकाळपर्यंत गेली. उरलेल्या सोळांचं रक्त घेतलं. यात रक्तातलं तांबं मोजून भागत नाही, संकट येईपर्यंत ते बरेचदा ठीकच दिसतं. यकृताला इजा झाली की वाढणारं एएसटी हे विकर तपासावं लागतं. नऊ मेंढ्यांत ते चढलेलं होतं, आणि नऊही जणी चरत होत्या! अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट रोज खाद्यातून सुरू केलं. मॉलिब्डेनम आणि गंधक पोटात तांब्याला बांधून ठेवतात, ते अंगात मुरत नाही. शिवाय कळप हलवायचा नाही, पळवायचा नाही, कुत्रं आत येऊ द्यायचं नाही.

चार दिवसांनी गेलो तर गव्हाणीत साधं मीठसुद्धा नव्हतं. "आता खनिज नकोच, डॉक्टर." त्याची भीती मला समजत होती, पण तेही चालणार नव्हतं. सात मेंढ्या गाभण होत्या. पोटातल्या कोकराचं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. तेव्हा कॅल्शियम आणि ऊर्जा कमी पडली की मेंढी बसते ती उठत नाही. नरांचं वेगळंच: भरड्यात स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी, म्हणून मूतखड्याची भीती, त्यांच्या खुराकात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट हवं. आणि तांबंसुद्धा शत्रू नव्हे. गाभण मेंढीला ते फारच कमी मिळालं तर कोकरं मागच्या पायांनी लटपटत जन्मतात. हे सगळं सांगायला तासभर लागला. पहिल्या दिवशी हाच तास मी द्यायला हवा होता. शेवटी मेंढ्यांसाठीचं, वरून तांबं न घातलेलं मिश्रण ठरलं, आणि आधीच किती तांबं पोटात जातंय ते कळावं म्हणून वैरणीचा नमुना तपासायला पाठवला.

जुनी चिठ्ठी मी काढून घेतली आणि नवी लिहिली. 'मेंढ्यांसाठीचंच' हा शब्द सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून. गायींची गोणी त्यानं गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत हलवली.

सहाव्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं. नऊपैकी आठ जणींचे आकडे उतरले होते. नववी गाभण होती, तिचं एएसटी अजून चढंच होतं. तिचं औषध चालू ठेवलं आणि पुढची तारीख चिठ्ठीवर लिहिली.