तुम्ही विचारलेत म्हणून: तिथे आम्ही काय खाल्ले

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला गेलो की कोणीतरी हमखास गाठते आणि विचारते, "सर, अमेरिकेतल्या त्या डिस्नेमध्ये तुम्ही दोघांनी खाल्लं तरी काय?" आम्ही दोघे शाकाहारी, आणि विचारणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गाला आमची कीव करायची असते. पाच दिवस आम्ही पाव आणि केळ्यांवर काढले असे मी सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असते. दुसऱ्या वर्गात तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेले माझे जुने मित्र बहुसंख्येने आहेत आणि त्यांना टोला हाणायचा असतो: "एवढं डॉलर मोजून गेलास आणि तिथंबी दशमीच खाल्लीस व्हय रं?" दोघांनाही मी फेब्रुवारी २०२३ पासून एकच उत्तर देत आलो आहे, की सोय उत्तम होती. हे उत्तर खरे आहे. तरीही मी ते देत असताना शेजारी उभी असलेली माझी पत्नी तळ्याकडे पाहू लागते, आणि ही गोष्ट आता पुरेशा वेळा माझ्या लक्षात आल्यामुळे एकदाचे सगळे लिहून टाकत आहे.

आधी सोयीबद्दल लिहितो, कारण तिच्यावर अन्याय व्हायला नको. ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी उद्याने आहेत, आणि २०१९ पासून तिथल्या खाद्यपदार्थांच्या यादीत ठरावीक पदार्थांपुढे एक हिरवे पान छापलेले असते. मांस, दूध, अंडे आणि मध यांपैकी काहीही त्या पदार्थात नाही, असा त्या पानाचा अर्थ. शिवाय घरचे खाणे आत नेता येते. काचेची बरणी आणि मद्य तेवढे चालत नाही. मुलीने अटलांटाहून निघताना बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पहिले दोन दिवस बाकावर बसून राजरोस खाल्ली. दारावरच्या सुरक्षारक्षकाने डबा उघडून पाहिला आणि काही न बोलता झाकण लावून परत दिला. ऐसपैस बसून जेवायच्या ठिकाणी टेबलाची नोंदणी साठ दिवस आधीपासून सुरू होते, तीही मुलीनेच करून ठेवली होती. तिच्यामुळे आम्ही एका दुपारी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या उपाहारगृहात बसलो. तिथे पाच तऱ्हेचे नान, कुलचे, पराठे आणि त्यांच्यासोबत चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, रायते अशा एकूण नऊ वाट्या समोर आल्या, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत होते. जिराफाकडे पाहत चिंचेच्या चटणीत नान बुडवण्याचे सुख कीव करायला आलेल्या माणसाला कसे समजावावे, हे मला आजही कळलेले नाही.

तेव्हा हाल झाले नाहीत. जे झाले ते विचारण्यावरून झाले.

आपल्याकडच्या पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध बसते आणि अंडे बसत नाही. तिथल्या हिरव्या पानात दूधही बसत नाही. आणि पानाचा आधार सोडून तोंडाने नुसते "व्हेजिटेरियन" म्हटले, तर त्यात अंडे धरलेलेच असते. आमचे खाणे तिथल्या या दोन्हींच्या मधल्या पट्टीत पडते: दूध चालते, अंडे नाही. चीजचा पिझ्झा आम्हाला चालतो, पण त्याच्यापुढे पान नसते; शेजारच्या केकपुढेही पान नसते आणि तो मात्र अंड्याचा असतो. म्हणून प्रत्येक खिडकीवर थांबून विचारावे लागते: यात अंडे आहे का, सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे, भात कोंबडीच्या रश्श्यात तर शिजत नाही ना, बटाटे त्याच तेलात तळता का, या मऊ मिठाईत जिलेटिन आहे का. उत्तरे सौजन्याने मिळत, कधी आतून मुख्य आचारी स्वतः येऊन सांगे. पण दिवसातून पाच-सहा वेळा आपल्या पोटाची कैफियत परक्या माणसासमोर मांडायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

निदान माझा तरी येत असे. कोल्हापुरात आयुष्य काढूनही मला असे प्रश्न कधी विचारावे लागले नव्हते, कारण विचारण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असे. मित्रांच्या मळ्यात मटणाचे पातेले चुलीवर चढले की कोणाची तरी आई माझ्यासाठी बाजूला पिठले टाकून ठेवी. मटण खाणाऱ्यांच्या पंक्तीला बसतो हा माझा मोठेपणा आहे, असे मी तरुणपणी समजत होतो. वास्तविक सांभाळून घेण्याचे काम त्या माउल्या करत होत्या. हेही कबूल करतो, की शाकाहार मी विचार करून स्वीकारलेला नाही. लिंगायत घरात जन्मलो म्हणून तो आला, आणि त्यात माझे कर्तृत्व काहीही नाही. कदाचित म्हणूनच परदेशात त्याचा उच्चार करताना मला संकोच वाटत असावा. पत्नीला असा संकोच नव्हता. मला इंग्रजी येते आणि तिला जुजबी येते, पण मुलीने शिकवलेली चार वाक्ये पाठ करून प्रत्येक खिडकीवर तीच पुढे होई आणि समाधान झाल्याशिवाय हलत नसे.

तिसऱ्या दिवशी आम्ही एपकॉट या उद्यानात होतो. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने मांडलेली आहेत (त्यांत भारत नाही, हे जाताजाता सांगतो), आणि पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची होते. दशम्या संपल्या होत्या. एका खिडकीवर ही तळणीच्या तेलाबद्दल विचारत होती, खिडकीतल्या मुलीला प्रश्न कळत नव्हता, ही तोच प्रश्न पुन्हा म्हणत होती आणि आमच्या मागे रांग वाढत होती. रांगेतल्या एका गृहस्थाने घड्याळ पाहिले. त्यांनी आणखी काहीही केले नाही. पण मी मराठीतून, चेहऱ्यावर हसू ठेवून म्हणालो, "पुरे कर आता. माणसं खोळंबलीत. साऱ्या गावाला आपल्या पोटाची चौकशी कशाला?" ती बाजूला झाली. तिने संत्र्याचा रस घेतला, आणि त्या दिवशी तिने पुन्हा कुठेही काही विचारले नाही.

तिचे विचारणे अति होते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: बटाट्याच्या तळणीत गोमांसाचा स्वादार्क होता, या कारणावरून अमेरिकेतल्या हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी मॅकडॉनल्ड्सवर २००१ साली खटले भरले, आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. वर्षानुवर्षे ते बटाटे निर्धास्त खाल्लेल्या माणसांत आमचे दोन नातेवाईक होते. हा दाखला मला त्या सकाळीही माहीत होता.

त्या संध्याकाळी आम्ही उद्यानातून परत किसिमीला, आमच्या हॉटेलवर आलो. पाय बोलत होते. हॉटेलपासून दहा मिनिटांवर, सहा पदरी रस्त्याच्या कडेला एक लहानसे क्युबन खानावळीसारखे ठिकाण होते. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या माणसांचा काही दोष नव्हता. भिंतीवर हवानाचे जुने फोटो, सात-आठ टेबले, आतून लसणाच्या फोडणीचा वास. पांढरा भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि तळलेली पिकी केळी असे ताट यादीत दिसले. मी वाढप्याला विचारले, "यात मांस नाही ना?" तो म्हणाला, "नाही, मांस नाही." पत्नीने माझ्याकडे पाहिले. पुढचा प्रश्न तिला येत होता, पण तो मी विचारावा म्हणून ती थांबली होती, असे मला आज वाटते. मी यादी मिटवून त्याच्या हातात दिली.

ताट आले. तुम्हाला खोटे वाटेल, पण त्या सबंध प्रवासात इतके चवीचे आम्ही काही खाल्ले नव्हते. जिऱ्याचा आणि तमालपत्राचा वास, ढबू मिरची, किंचित आंबटपणा, आणि उसळीला अशी दाट सायीसारखी तकाकी, की हिने दुसऱ्यांदा मागून घेतली. दिवसभराचा अबोला त्या वाटीने सुटला. सकाळच्या प्रकाराबद्दल काही बोलावे लागले नाही याचे मला हायसे वाटले, आणि बिल येण्याआधी ही म्हणाली, "मी हिची कृती विचारून घेते. आपल्याकडं घेवडा मिळतोच की."

आतून सत्तरीची एक बाई आली. हातात कापड, कपाळावर घाम, आणि कोणीतरी कृती विचारतेय याचा चेहऱ्यावर मावत नसलेला आनंद. तिला इंग्रजी येत नव्हते, हिला स्पॅनिश येत नव्हते, आणि दोघींना त्याची फिकीर नव्हती. ती बाई आतून एकेक वस्तू आणून दाखवी आणि ही मराठीत म्हणे, "जिरं. तमालपत्र. हां, लसूण." बोटांवर मोजत मोजत ती शेवटच्या बोटावर आली, तेव्हा तिने गुपित सांगावे तसा आवाज खाली आणला आणि वाढप्याकडे वळून एक शब्द सांगितला. वाढप्याने तो इंग्रजीत केला. डुकराची चरबी. उसळीतली तकाकी तिचीच होती.

हिने माझ्याकडे पाहिले, मराठीत सांगावे म्हणून. तूप म्हणतेय, असे सांगून मोकळे व्हावे हा विचार माझ्या मनात आला, आणि तो काही क्षण माझ्या मनात राहिला, हेही लिहितो. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्यावरून तिला कळले. पण तिच्या चेहऱ्यावरचे हसू तिने पडू दिले नाही. तिने त्या म्हातारीला हात जोडले, "थँक यू" म्हणाली, आणि म्हातारीने तिला कवेत घेऊन तिच्या पाठीवर थोपटले.

परतताना आम्ही त्या रस्त्याच्या कडेने चालत होतो आणि गाड्यांच्या आवाजामुळे बोलायची सोय नव्हती. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना?"

"मांस नाही ना, एवढं विचारलं होतं."

"आणि पोरीनं दिलेली यादी?"

मुलीने माझ्या फोनमध्ये एक यादी लिहून दिली होती. तिच्यातली सहावी ओळ अशी होती: घेवड्याची उसळ, विचारल्याशिवाय खाऊ नका, चरबी असू शकते. "खिशात होती," मी म्हणालो. सिग्नल हिरवा झाला. रस्ता ओलांडल्यावर, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "चव चांगली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आंघोळ नेहमीप्रमाणे झाली आणि ती इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली. मी खाली जाऊन थांबलो. पूजेला नेहमी पंधरा मिनिटे लागतात. त्या दिवशी पाऊण तास लागला. तिने काय म्हटले, कोणाकडे काय मागितले किंवा मागितले नाही, हे मी विचारलेले नाही. उरलेले दोन दिवस सगळ्या खिडक्यांवर मीच विचारत होतो, अंडे, तेल, रस्सा, जिलेटिन, खणखणीत आवाजात, रांगेची पर्वा न करता. आणि ती थोडी दूर उभी राहून कारंज्याकडे पाहत असे.

हे मी आजवर एकाच मित्राला सांगितले आहे, तोही मटण खाणारा. तो म्हणाला, "नकळत घडलं, सोडून दे. आपल्या खानावळीत तरी एकच पळी दोन्ही पातेल्यांत फिरत नाही कशावरून?" मीही स्वतःला हेच सांगून पाहिले. पण नकळत म्हणायला यादी खिशात असायला नको होती. मग दुसरा विचार येतो, की तीही विचारू शकली असती. सकाळी मी बोललो म्हणून संध्याकाळी गप्प बसायचे, हा कसला न्याय? हा विचार मला बराच पटतो, विशेषतः रात्री. सकाळी पटत नाही. त्या रांगेतला मी मला आज भेटलो, तर त्याला काय सांगावे हेही नक्की होत नाही, कारण रांग खरोखरच लांब होती आणि तो खरोखरच थकलेला होता.

गेल्या श्रावणात तिने कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजत घातला. जिरे, तमालपत्र, लसूण, ढबू मिरची, शेवटी लिंबू, आणि चरबीच्या जागी दोन चमचे तूप. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि चांगली झाली आहे असे म्हणालो. तिने एक घास घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "तशी नाही झाली." मग उरलेली उसळ तिने डब्यात भरून शेजारी दिली.