जुन्या रास्पबेरी पायचं एक्स टर्मिनल: लॉगिनचा पडदा आला

रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकाच्या पहिल्या पिढीतल्या मॉडेल बीवर (700 मेगाहर्ट्झचा एकच कोअर, 512 एमबी रॅम) आजचा ब्राउझर चालवण्यात अर्थ नाही. पण पडदा, कीबोर्ड आणि माऊस एवढंच सांभाळायचं असेल तर हा बोर्ड भरपूर झाला. म्हणून प्रोग्राम सगळे दुसऱ्या दणकट लिनक्स मशीनवर चालवायचे आणि बोर्डाने फक्त चित्र काढायचं, असं ठरवलं. लिनक्सवर खिडक्या आणि चित्रं दाखवणाऱ्या एक्स या व्यवस्थेत अशा बोर्डाला एक्स टर्मिनल म्हणतात.

व्हीएनसी, म्हणजे दूरच्या मशीनच्या पडद्याचं चित्रच पाठवायची पद्धत, मुद्दाम टाळली. 1280×1024 चा एक पडदा 32 बिट रंगात साधारण 5 एमबी होतो. 100 मेगाबिटच्या तारेवरून तो न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवला तर सेकंदाला जेमतेम दोन पडदे जातात. दाबून पाठवला तर उलगडण्याचा भार पुन्हा याच प्रोसेसरवर. एक्सच्या प्रोटोकॉलची, म्हणजे एक्स11 ची, रीत निराळी: इथे चौकोन भर, तिथे ही अक्षरं काढ, अशा सूचनाच तारेवरून जातात. 1987 मध्ये आलेला हा प्रोटोकॉल अजून इतका कामाचा आहे याचं मला खरंच कौतुक वाटतं.

बोर्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट आणि नुसता एक्सऑर्ग, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर. डेस्कटॉप नाही, विंडो मॅनेजरही नाही. मोठ्या मशीनवर लाइटडीएम (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक्सडीएमसीपी (दूरच्या पडद्यावर लॉगिन देणारा प्रोटोकॉल) सर्व्हर चालू केला आणि बोर्डावरून 'एक्स -क्वेरी' ही आज्ञा दिली. पडदा काळाच.

इथे पॅकेट कुठून कुठे जातात ते नीट बघायला हवं. बोर्डाची विनंती यूडीपी पोर्ट 177 वर जाते, पण त्यानंतर जोडणी उलट दिशेने येते: मोठं मशीन बोर्डाच्या टीसीपी पोर्ट 6000 ला हाक मारतं. कारण एक्स सर्व्हर बोर्डावर आहे, आणि लॉगिनचा पडदा हा त्याचा एक क्लायंट. एक्सऑर्ग 1.17 पासून टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद असतं. '-लिसन टीसीपी' जोडलं, फायरवॉलमध्ये 6000 उघडला आणि लॉगिनचा पडदा झळकला!

एक्सटर्म (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि ईमॅक्स (एडिटर) सुरेख पळतात. एक्सरेंडर या एक्सच्या जोडभागामुळे अक्षरांचे आकार एकदाच बोर्डावर येतात, पुढे फक्त त्यांचे क्रमांक. ब्राउझरचं मात्र तसं नाही. तो पान स्वतःच रंगवतो आणि तयार पिक्सेल ढकलतो, त्यामुळे स्क्रोल करताना अडखळणं आलंच. व्हिडिओचा विचार सोडून दिलाय. टायपिंग आणि कोडिंगसाठी मात्र समोर दुसरं मशीन आहे हे जाणवत नाही.

कोणी करून बघणार असेल तर एक सांगतो, एक्सडीएमसीपीत काहीच एन्क्रिप्ट होत नाही, पासवर्डसुद्धा. त्यामुळे हे फक्त आपल्या ताब्यातल्या तारेच्या नेटवर्कवर. बाहेरून यायचं तर एसएसएच किंवा एक्सटूगो, त्यांत सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं.

एसडी कार्डावर ओव्हरले फाइल सिस्टिम लावली आहे, म्हणजे बदल फक्त रॅममध्ये राहतात. कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे वीज कधीही बंद करता येते.

आता आवाज. एक्समध्ये त्याची सोयच नाही, म्हणून बोर्डावर पल्सऑडिओ हा आवाजाचा सर्व्हर चालवून मोठ्या मशीनचा आवाज टीसीपी पोर्ट 4713 वर आणायचा आहे. एवढ्याशा प्रोसेसरवर तो न तुटता वाजतो का, ते पुढच्या नोंदीत.